सध्या वापरात नाही

माझ्या हातून एक खोटं वाक्य एकोणतीस वेळा लिहिलं गेलं. तोंडाने बोललेलं खोटं माणसं विसरतात, आपणही विसरतो. पण हे मी कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, आणि कॉम्प्युटर मेला काही विसरत नाही.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. सातिवलीच्या एका कारखान्यात मी टायपिंगला होते. पत्रं, कोटेशनं, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना गोड उत्तरं. मालक भला माणूस होता. जेवणाच्या सुट्टीत इंटरनेट वापरू द्यायचा, फक्त ते फोनच्याच लाइनवरून चालायचं म्हणून दर दहा मिनिटांनी केबिनमधून ओरडायचा, "बाई, फोन मोकळा करा!" डबा खात खात एका हाताने टाइप करायची सवय मला तिथलीच.

तेव्हा आम्ही दोघं मिळून एक विकी चालवत होतो. विकी म्हणजे कुणीही येऊन लिहावं, कुणीही येऊन दुरुस्त करावं अशी वेबसाइट. आमची होती वसईच्या बावखलांची. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं पाणी साठवायचं तळं. विहिरीपेक्षा ऐसपैस, तलावापेक्षा लहान. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि त्याच्या जिवावर आजूबाजूच्या केळी, पानवेली, फुलझाडं उन्हाळा काढतात. त्या वर्षांत ती भराभर बुजत होती. डंपर यायचा, माती ओतायचा, महिन्याभरात तिथे इमारतीच्या पायाचं काम सुरू. म्हणून आम्ही ठरवलं, निदान लिहून तरी ठेवू. एका बावखलाला एक पान.

दोघं म्हणजे मी आणि मास्तर. मास्तर वटारचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी गाठलेले आणि कमालीचे हट्टी. त्यांच्याकडे एक सुती दोरी होती, हातभर अंतरावर गाठी मारलेली, टोकाला दगड. रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचे, काठावर उभं राहून दोरी सोडायचे, तळ लागला की गाठी मोजायचे. मग घरातल्यांना विचारायचं, किती वाफे शिंपता, पाणी कधी आटतं, मासे आहेत का. मास्तरांचा एकच नियम होता. दोरी भिजल्याशिवाय पान लिहायचं नाही. "ऐकीव नको," म्हणायचे, "ऐकीव लिहायला वर्तमानपत्रं आहेत."

असं करत आमची एकाहत्तर पानं झाली, आणि मग मला ती यादी दिसली.

आमची विकी ज्या फुकटच्या वेबसाइटवर होती, तिथे जगभरातल्या शेकडो विकी होत्या, आणि त्यांची एक यादी होती. ज्याची पानं जास्त तो वर. पण शंभराच्या खाली पानं असतील तर यादीत नावच नाही. मी ती यादी तळापासून वाचत गेले. सगळ्यात खाली, शंभर पूर्ण करून नुकती चढलेली, कोणा एका माणसाने आपल्या मांजरांवर केलेली विकी होती. मांजरांवर! एक मांजर झोपलं त्याचं एक पान, उठलं त्याचं दुसरं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. त्याच्या मांजरांना जगाच्या यादीत जागा, आणि आमची बावखलं बाहेर उभी?

मास्तरांना सांगितलं तर ते हसले. "मांजरं काही बुजवत नाहीत कोणी," म्हणाले. "आपण आपलं चालू ठेवू." पण पुढच्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कफ भरला, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली आणि आमचे रविवार थांबले. एक महिना गेला, दुसरा गेला. आकडा एकाहत्तरच. रोज जेवणाच्या सुट्टीत मी पहिलं तेच बघायची. आपल्या विकीचं वजन वाढलं नाही म्हणून मलाच अन्न गोड लागेना, इतकी मी त्या आकड्याच्या नादी लागले होते.

शेवटी एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर, मी मागे थांबले. मास्तरांच्या वहीत न बघितलेल्या बावखलांची यादी होती: कुणाच्या वाडीतलं, कुठल्या आळीत, बस्स. स्टेशनकडच्या एका खरोखरच मोडीत निघालेल्या बावखलाचं पान मी आधी लिहिलं होतं, त्यातलं वाक्य उचललं. "हे बावखल पूर्वी वाडीच्या शिंपण्यासाठी वापरले जात असे. सध्या वापरात नाही." नाव बदलायचं, खाली हे वाक्य चिकटवायचं आणि बावखल या शब्दाला दुवा द्यायचा, कारण दुसऱ्या पानाकडे नेणारा निदान एक दुवा असल्याशिवाय ते यंत्र पानाला पान म्हणून मोजतच नव्हतं. दोन मिनिटांत एक पान. काय सोपं काम! मास्तरांबरोबर एका पानाला अख्खा रविवार जायचा.

अठ्ठावीस झाली आणि वही संपली. म्हणजे नव्व्याण्णव! कपाळ माझं. आता शंभरावं कुठून आणू? वही पुन्हा पहिल्यापासून चाळली, आणि मग एकदम आठवलं, अगं, घरचंच राहिलंय की.

आमच्या घराच्या मागचं बावखल. त्याच्या काठाला माझी आत्या राहायची. लग्नानंतर तीन वर्षांतच माहेरी परत आली ती तिथेच, मागल्या दोन खोल्यांत. बावखलाच्या पाण्यावर तिचा मोगरा, अबोली, अळू, वांगी, थोड्या पानवेली. पहाटे फुलं खुडायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायची. तेच तिचं पोट आणि तीच तिची ऐट. भावांपुढे तिने कधी हात पसरला नाही. त्या बावखलाचं पान मी केलं नव्हतं, कारण ते तर घरचं, कधीही लिहू. माणूस घरच्यालाच सगळ्यात शेवटी ठेवतो, मी काही वेगळी नव्हते.

तेही चिकटवलं. "सध्या वापरात नाही." सोमवारी नीट करीन, असं स्वतःला सांगितलं आणि आकडा बघितला. शंभर. मी त्या रिकाम्या ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या.

पहिल्या तारखेला यादीत आमचं नाव आलं, मांजरांच्या खाली, पण आलं. मी प्रिंट काढून मास्तरांकडे नेली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ बघितली, बोट ठेवून आमची ओळ वाचली आणि म्हणाले, "एवढ्या लवकर कशी काय झाली गं?" मी म्हटलं, "झाली." त्यांनी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं ते नंतर म्हणाले. कागद मात्र त्यांनी भिंतीवर लावला.

सोमवार आला आणि गेला. असे सात-आठ सोमवार गेले. आता मला नवा नाद लागला होता. आमच्या विकीवर एक पान होतं, कुठलं पान किती वेळा पाहिलं गेलं ते सांगणारं. लोकप्रिय पानांची यादी. बहुतेक पानं दहा-बारा वेळा पाहिलेली, आणि त्यातही मीच जास्त. एके दिवशी बघते तर आत्याचं बावखल सगळ्यात वर! तीस वेळा. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस. माझा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या नंबरावर गासच्या बाजूचं एक बावखल होतं, तेही त्या एकोणतीसांतलंच, चौदा वेळा. त्याच्याकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी जाऊन आत्याला सांगितलं, "आत्या, तुझं बावखल एक नंबरला आहे. जगभरातून लोक वाचतायत." आत्या घरची जुनी बोली बोलायची, ती तशीच लिहिली तर निम्म्या वाचकांना कळायची नाही, म्हणून मी सोपी करून लिहिते. ती अबोलीचे गजरे करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या बावखलात काय बघायचं आहे, बाय? बेडूक?" आणि थोड्या वेळाने, "पण कोण वाचतंय गं?" मी म्हटलं, ते कळत नाही, फक्त किती वेळा ते कळतं. "मग कळून काय उपयोग," ती म्हणाली. मला राग आला. हिला कौतुकच नाही, असं वाटलं.

त्यानंतर चारच दिवसांनी आत्या माझ्या खोलीच्या दारात आली. हातात दोन कागद होते. "हे वाच बरं," म्हणाली. "तुझ्या काकाने दिलंय. म्हणतो, गुरुवारी ऑफिसातले साहेब बघायला येणार आहेत. मला अक्षरं लागतात, पण हे छापलेलं बारीक आहे."

पहिला कागद काकांनी सरकारी कचेरीत दिलेल्या अर्जाची नक्कल होती. घरामागे जुना पडीक खड्डा आहे, डास होतात, भरून टाकायला परवानगी मिळावी. मागच्या जमिनीवर काकांना बंगल्यांची रांग बांधायची होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबा गेल्यापासून ते त्याच विचारात होते. पण बावखल वापरात असेपर्यंत ते बुजवता येणार नाही, म्हणून गप्प होते. दुसरा कागद प्रिंट होता. वर आमच्या विकीचं नाव, खाली आत्याच्या बावखलाचं नाव आणि त्याच्या खाली पिवळ्या पेनाने रंगवलेली एक ओळ.

"वाच ना," आत्या म्हणाली.

मी वाचलं. माझंच वाक्य मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. सध्या वापरात नाही. तिच्या हाताला अजून मोगऱ्याचा वास येत होता.

"असं कोणी लिहिलं?" तिने विचारलं. मला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. "मी," मी म्हटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कागद घेतले, घडी घातली आणि म्हणाली, "तू तर रोज माझ्या पाण्याने पाय धुतेस." आणि गेली.

मी तडक काकांकडे गेले आणि वाट्टेल ते बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "तूच लिहिलंस ना? मी एक अक्षर तरी जोडलं का त्यात? मीही वाचून चकित झालो. आठ-दहा जणांना दाखवलं, साहेबांनाही त्यांच्या मशीनवर उघडून दाखवलं. कॉम्प्युटरवर आहे म्हटल्यावर ते तरी काय बोलणार?" तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तीस, त्रेचाळीस, साठ. जगभरातले वाचक म्हणजे आमचे काका होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी वाक्य बदललं. "सध्या वापरात आहे." बदलून बघते तर आकडा एकाने वाढला होता. पुन्हा बघितलं, पुन्हा वाढला. मी बघत होते तसा वाढत होता. मग मास्तरांना फोन केला आणि सगळं ओकून टाकलं: अठ्ठावीस अधिक एक, कोरडी दोरी, सगळं. पलीकडून आधी त्यांचा खोकला ऐकू आला.

"बदललंस? कशाला बदललंस?" ते ओरडले. मास्तर ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. विकीवर प्रत्येक पानाला इतिहास असतो. कोणी, कोणत्या दिवशी, काय बदललं, सगळं दिसतं. अर्ज गेल्यानंतर घरच्याच पोरीने वाक्य फिरवलं, हे काका उघडून दाखवणार. आता खरं लिहिलेलंही खोटं दिसणार. बोंबला! मी ते पुन्हा पहिल्यासारखं करू का, असं विचारलं. "हात लावू नकोस," ते म्हणाले. "गुरुवारी मी येतो."

गुरुवारपर्यंतचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. टायपिंगमध्ये चुकांवर चुका. एका गिऱ्हाइकाला पाठवायचं पत्र दुसऱ्याच पाकिटात घातलं. जेवणाच्या सुट्टीत आकडा बघायची हिंमत होईना आणि न बघता राहवेना. घरी आत्या माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. मीठ दे. दार लाव. रोजच्यासारखी शिंपणी करायची, तेवढीच, एक बादली जास्त नाही. मी म्हटलं, "आत्या, साहेब येतील तेव्हा सगळे वाफे ओले दिसू देत." तर म्हणाली, "मी काय नाटक करू? रोज शिंपते तेवढं शिंपेन." मला रडू फुटलं. हे गेलं तर आत्या काय करणार? साठीची बाई, तिला दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं.

साहेब आले, बरोबर एक कारकून. काका खुर्च्या मांडून तयार. मास्तर रिक्षातून उतरले, मफलर गुंडाळलेला, हातात पिशवी. साहेबांनी बावखल बघितलं, वाफे बघितले आणि हातातला प्रिंट बघितला. मग आत्याला विचारलं, "बाई, हे पाणी तुम्ही वापरता?" आत्या म्हणाली, "नाही तर काय नुसतं बघते?" कारकुनाला हसू आलं, साहेबांना नाही.

"पण तुमच्याच घरातून लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "आणि आता तीन दिवसांपूर्वी ते बदललंय म्हणे. आम्ही नेमकं काय धरायचं?"

आता गप्प बसले असते तर जन्मभर त्या मागल्या दारातून जायला तोंड उरलं नसतं. मी म्हटलं, "साहेब, ते मी लिहिलं. न बघता लिहिलं. आमच्या वेबसाइटची शंभर पानं भरायची होती, आकडा कमी पडत होता, म्हणून दुसरीकडचं वाक्य इथे चिकटवलं. खोटं आहे ते."

काका खाली बघत होते. मास्तरांनी पिशवीतून दोरी काढली आणि माझ्या हातात दिली. मी काठावर उभी राहून दगड सोडला. लहानपणापासून त्या पाण्यात पाय घातलेली मी, ते किती खोल आहे हे मला ठाऊक नव्हतं. नऊ गाठी भिजल्या. साहेबांनी स्वतः मोजल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि काकांना म्हणाले, "हे पडीक नाही. अर्ज मंजूर होणार नाही." निघताना माझ्याजवळ थांबले. "बाकीचं पण असंच लिहिलंय का तुम्ही?"

मी ओली दोरी गुंडाळायला लागले.

आत्याने त्या दिवशी मास्तरांना चहा दिला आणि मलाही दिला, न मागता. तिच्यापुरतं ते तिथे संपलं. माझ्यापुरतं नाही. साहेबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. मी मास्तरांना म्हटलं, उरलेली अठ्ठावीस पानं पुसून टाकते, यादीतून गेलो तर गेलो. ते म्हणाले, "पुसून काय होणार? आपण जाऊ. एकेकाला दोरी लावू आणि खरं लिहू." डॉक्टरांना न सांगता ते पुन्हा स्कूटरवर बसले.

पहिल्या रविवारी आम्ही गासच्या बाजूला गेलो. दुसऱ्या नंबरावरचं, चौदा वेळा पाहिलेलं. त्या चौदांतले दोन मी होते, बाकीचे बारा कोण, हे विचारत विचारत मी रस्ताभर गाडी चालवली. पत्ता विचारत वाडीत शिरलो तर समोर तांबड्या मातीचा सपाट चौकोन होता. कडेला टायरचे खोल वण. काठाच्या माडाची मुळं एका बाजूने उघडी पडलेली.

घरातली बाई बाहेर आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मास्तरांनी बावखलाचं विचारलं. "होतं ना," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात भरलं. माझी सगळी भाजी त्याच्यावर व्हायची. जाऊबाईंच्या माणसाने कागद आणला, कॉम्प्युटरवर लिहिलंय म्हणाला, वापरात नाही. मी किती सांगितलं त्यांना. माझं कोण ऐकतंय? बघायलाही कोणी आलं नाही." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोण? कुठून आलात?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी तिला सांगितलं. सगळं, मांजरांसकट. माझं बोलून झालं तेव्हा तिचं लक्ष माझ्या हातातल्या दोरीकडे गेलं.

"बरं," ती म्हणाली. "मग आता मोजा." आणि आत निघून गेली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते पान दुरुस्त करायला उघडलं. डबा तसाच बंद होता. दोन वाक्यं होती, मीच लिहिलेली. पूर्वी वाडीच्या शिंपण्यासाठी वापरले जात असे. सध्या वापरात नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. त्यांत बदलण्यासारखं आता काहीच राहिलं नव्हतं.